मागणी आधी, लेख नंतर: सोलापुरात पर्यावरणावर लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

'आज मानवाने प्रगतीच्या नावाखाली निसर्गाचा ऱ्हास चालवला आहे' या वाक्याने सुरू होणारे आणि 'आपण सर्वांनी मिळून पृथ्वी वाचवूया' या वाक्याने संपणारे लेख दर ५ जूनला, पर्यावरण दिनी, ढिगाने येतात. त्यातले काहीच खोटे नसते. पण वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो, कारण त्याने नेमके काय करायचे हे लेखात कुठेच नसते. महापालिकेच्या अधिकाऱ्याला तो आपल्याबद्दल आहे असे वाटत नाही, कारखानदाराला वाटत नाही आणि गल्लीत कचरा पेटवणाऱ्यालाही वाटत नाही.

वाचकाचे मन वळवणारे लिखाण उलट्या बाजूने सुरू होते. शेवटची मागणी आधी ठरते आणि बाकीचा मजकूर तिच्यासाठी गोळा होतो. संपादकांना पत्र, अधिकाऱ्यांना निवेदन, दैनिकातला लेख, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरचा संदेश, या सगळ्यांना हीच रीत लागू पडते. पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांनी खालच्या क्रमाने जावे.

पहिली पायरी: मागणीचे एक वाक्य

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणी, काय, कुठे आणि कधीपर्यंत. 'तलाव स्वच्छ झाला पाहिजे' ही इच्छा झाली. 'कंबर तलावात येणारा अमुक नाला महापालिकेने पावसाळ्यापूर्वी मलवाहिनीला जोडावा' ही मागणी झाली. पहिल्या वाक्याला कोणीही 'हो' म्हणेल आणि विसरून जाईल. दुसऱ्याला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर द्यावेच लागते.

मागणी जितकी लहान, तितकी ती मान्य होण्याची शक्यता जास्त. जलपर्णी काढा, सांडपाणी थांबवा, गाळ उपसा, पक्ष्यांसाठी बेट करा आणि अतिक्रमण हटवा अशा पाच मागण्या एका निवेदनात घातल्या तर अधिकारी त्यातली सर्वांत सोपी उचलतो. जलपर्णी काढल्याचा फोटो येतो आणि विषय संपतो. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद तलावात येतच राहतात, त्यामुळे काही महिन्यांत जलपर्णी परत माजते. म्हणून मूळ कारणावर बोट ठेवणारी एकच मागणी निवडा, बाकीच्या पुढच्या पत्रांसाठी ठेवा.

'कोणी' ठरवताना नवखे लोक सगळेच जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने लिहितात. ते पत्र खाली उतरत उतरत संबंधित टेबलावर यायला महिना जातो. शहरातला कचरा, गटारे, नाले आणि झाडे महापालिकेकडे असतात, आधी विभागीय कार्यालयाकडे, मग मुख्यालयाकडे. कारखान्याचे सांडपाणी आणि धूर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या कार्यालयाकडे. मिरवणुकीचा आवाज पोलिसांकडे. उजनी धरणाचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, जलसंपदा विभागाकडे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा कारभार मात्र पुणे वन्यजीव विभाग पाहतो, तेव्हा तिथल्या प्रश्नाचे पत्र सोलापुरातच फिरत ठेवू नका. गावातला उकिरडा आणि ओढा ग्रामपंचायतीकडे.

मागणीला बळ आणण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. सरकारने जे आधीच कबूल केले आहे, तेच मागा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. या शहरांना कृती आराखडा करावा लागतो. 'रस्त्यावरची धूळ कमी करा' असे मोघम मागण्यापेक्षा तो आराखडा मिळवा, त्यातले रस्ते झाडण्याचे किंवा कचरा जाळण्यावरच्या कारवाईचे कलम उचला आणि 'या कलमाची आमच्या प्रभागात अंमलबजावणी कधी होणार' असे विचारा. नव्या मागणीला 'निधी नाही' हे उत्तर तयार असते. कबूल केलेल्या कामाबद्दल ते उत्तर देणे अवघड जाते.

दुसरी पायरी: पाहणीची वही

लिहिण्याआधी निदान सात दिवस, जमल्यास चौदा दिवस, नोंदी ठेवा. साधी शंभर पानी वही पुरे. उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ: शाळेमागच्या मोकळ्या जागेत पहाटे कचरा जाळला जातो. रोजच्या नोंदीत तारीख, जाळ दिसल्याची वेळ, विझल्याची वेळ, धूर कोणत्या बाजूला गेला, कचऱ्यात काय होते (प्लास्टिक, पालापाचोळा, चिंध्या) आणि त्या दिवशी घंटागाडी आली होती का, हे सगळे यावे. शेवटचा रकाना लोक विसरतात, आणि तोच सर्वांत उपयोगी ठरतो. सातपैकी पाच दिवस जाळ झाला आणि त्या प्रत्येकाच्या आदल्या दिवशी घंटागाडी आलेली नव्हती, असे वहीत निघाले तर मागणीच बदलते. मग प्रश्न काडी लावणाऱ्याचा राहत नाही, गाडीच्या फेऱ्यांचा होतो.

जाळ दिसला नाही त्या दिवसाचीही नोंद करा. 'रोज जाळतात' असे लिहिलेत आणि अधिकारी नेमका शांत दिवशी आला, तर तुमचे बाकीचे सगळे खोटे ठरते. 'सात दिवसांत पाच वेळा' हे वाक्य मात्र कोणी खोडू शकत नाही.

फोटो रोज एकाच जागेवरून आणि एकाच कोनातून काढा. चौकटीत न हलणारी एखादी खूण येऊ द्या, विजेचा खांब, कमान किंवा दुकानाची पाटी. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदले जाण्याची सोय सुरू ठेवा आणि मूळ फोटो जपा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत ही माहिती निघून जाते. सफाई कामगाराचा चेहरा दिसेल असा फोटो छापू नका. त्याला कचरा नेण्यासाठी गाडी मिळालेली नसते, आणि तुमच्या पत्राने रोजगार जातो तो त्याचाच.

पाण्याच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नाल्याचे पाणी भरून प्रयोगशाळेत नेले आणि आलेला आकडा छापला, तर तो कोणीही उडवून लावेल. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात त्याचे माप. त्याचा नमुना सुमारे ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवून २४ तासांच्या आत तपासायला घ्यावा लागतो, मग आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांना तीन दिवस ठेवून निकाल काढतात. उन्हात दोन तास फिरलेल्या बाटलीचा निकाल त्या नाल्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल मागवा आणि तेच आकडे वापरा. सरकारी आकड्यावर सरकारी अधिकारी वाद घालू शकत नाही.

माहितीचा अधिकार: कागद मागा, कारण मागू नका

माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील.

नवख्यांचे अर्ज फेटाळले जातात ते एका कारणाने. ते विचारतात, 'तलावात सांडपाणी का सोडले जाते?' कायद्याने मिळतो तो कार्यालयात असलेला कागद. 'का' या प्रश्नाचा कागद फायलीत नसतो. म्हणून असे लिहा: 'अमुक प्रभागात १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातील घंटागाडीच्या दैनंदिन फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत', 'कचरा जाळल्याबद्दल याच काळात केलेल्या दंडाच्या पावत्यांची प्रत'. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली आहे. तीन महिन्यांत एकही पावती फाटली नसेल, तर तुमच्या लेखाचे पहिले वाक्य तयार झाले.

तिसरी पायरी: आकडे आणि त्यातले खड्डे

या पायरीवर जरा थांबायला हवे. चांगल्या हेतूने लिहिलेले बहुतेक लेख इथेच पडतात, आणि एक आकडा चुकला की बाकीच्या दहा बरोबर आकड्यांवरचाही विश्वास जातो.

सोलापूरच्या लिखाणात सर्वांत जास्त घोळ उजनीच्या टक्केवारीचा होतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या मार्गाने सोडता न येणारे तळाचे पाणी. टक्केवारी सांगतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरले की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली. तेव्हा 'उजनी कोरडी पडली' असे मथळे सहज लिहिले जातात. हिशेब करून पाहा: उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे २६.८ टीएमसी कमी झाले, म्हणजे कागदावर अजून जवळपास ३७ टीएमसी शिल्लक. त्यात गाळ किती आणि पंपाने उचलता येईल असे पाणी किती हा खरा प्रश्न आहे, आणि तोच लेखात यायला हवा. 'कोरडी' लिहिलेत की जाणकार वाचक तिथेच लेख बाजूला ठेवतो.

टीएमसी हा शब्दही सामान्य वाचकाला काही सांगत नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. तो घरापर्यंत आणून दाखवा. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण धरले तर दहा लाख लोकांना रोज साडेतेरा कोटी लिटर लागते, म्हणजे एक टीएमसी सुमारे २१० दिवस पुरावे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती, तेव्हा हा हिशेब शहराला बराचसा लागू पडतो. मग वाचक आपणहून विचारतो, 'असे असेल तर नळाला तीन-चार दिवसांआड पाणी का येत आले?' इथे तुमचा लेख उभा राहतो. शहराला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी भीमेच्या पात्रातून पाणी सोडले की ते वाटेत मुरते, उडते, उपसले जाते. त्यामुळे शहर प्रत्यक्ष पिते त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरणातून सोडावे लागते. शिवाय धरणापासून शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी, टाक्यांची क्षमता आणि गळती हे प्रश्न वेगळेच. पाणी कमी असणे आणि पाणी पोहोचण्यात तूट असणे हे दोन वेगळे मुद्दे आहेत. लेखात कोणता मांडायचा ते आधी ठरवा.

हवेच्या आकड्यांत दुसरी ठरलेली चूक होते. हवा गुणवत्ता निर्देशांक आणि धूलिकणांचे प्रत्यक्ष प्रमाण एकच समजले जाते. निर्देशांक ही ० ते ५०० ची मोजपट्टी आहे, तिला एकक नसते. धूलिकण मोजतात मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. हवेत पीएम १० चे (१० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे) प्रमाण १५० मायक्रोग्रॅम असेल तर त्याचा निर्देशांक साधारण १३३ येतो, १५० येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर दिसतो तो निर्देशांक. तो लिहिताना एकक लावू नका आणि त्याची मानकाशी थेट तुलना करू नका. देशाच्या २००९ च्या मानकानुसार पीएम १० ची २४ तासांची मर्यादा १०० आणि वार्षिक सरासरीची ६० मायक्रोग्रॅम आहे. पीएम २.५ साठी, म्हणजे त्याहून बारीक कणांसाठी, हेच आकडे ६० आणि ४०. एका दिवसाच्या आकड्याची वार्षिक मर्यादेशी तुलना करणे हीदेखील नेहमी दिसणारी चूक. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा यापेक्षा पुष्कळ कडक आहे (पीएम २.५ साठी वार्षिक ५). तिचा उल्लेख जरूर करा, पण कोणती मर्यादा कोणाची हे त्याच वाक्यात सांगा.

आवाजाचा विषय सोलापुरात दर उत्सवाला तापतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणून ११० डेसिबल ५५ च्या दुप्पट नसून तीव्रतेने तीन लाखांहून अधिक पट असतात. मोबाइल ॲपवरचे माप पुरावा म्हणून देऊ नका, 'अंदाजे' म्हणून द्या. आणि कोणत्याही एका समाजाच्या मिरवणुकीचे नाव घेऊ नका. घेतलेत, तर पुढची सगळी चर्चा आवाजावर न होता त्या समाजावर होते. रुग्णालयाचे नाव, त्याच्यापासूनचे अंतर आणि वेळ लिहा. शांतता क्षेत्र रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती किमान १०० मीटरचे असते, तेवढे पुरेसे आहे.

कारण सिद्ध होण्याआधी दोषी ठरवू नका

तलावात मासे मरून तरंगले की दुसऱ्या दिवशी 'विषारी रसायनाने मासे मेले' असे छापून येते. तसे असूही शकते. पण उन्हाळ्यात सांडपाण्यावर पोसलेले शेवाळ रात्रभर श्वसन करते, गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो, आणि पहाटे तो इतका खाली जातो की मासे गुदमरतात. कारखान्याचे नाव घेऊन पत्र छापले आणि अहवालात प्राणवायूची कमतरता निघाली, तर त्या कारखान्याबद्दलची तुमची पुढची खरी तक्रारही कोणी ऐकणार नाही. शिवाय बदनामीची नोटीस येते ती वेगळीच.

म्हणून डोळ्यांनी पाहिलेले लिहा: 'अमुक तारखेला सकाळी साडेसहाला नाल्यातून फेसाळ, काळपट, मळीसारख्या वासाचे पाणी वाहत होते.' मग कागदाने सिद्ध होणारे लिहा. प्रदूषणाची शक्यता असलेल्या कारखान्याला मंडळाकडून संमतीपत्र घ्यावे लागते. त्यात सांडपाणी किती, कसे शुद्ध करायचे, कुठे सोडायचे किंवा अजिबात सोडायचे नाही, या अटी असतात. साखर कारखान्यांच्या आणि आसवनी (मद्यार्क, इथेनॉलच्या) प्रकल्पांच्या या जिल्ह्यात संमतीपत्र वाचता येणे हे लिहिणाऱ्याचे मोठे बळ आहे. 'संमतीपत्रात बाहेर पाणी न सोडण्याची अट आहे, ओढ्यात पाणी दिसते आहे, ते कुठून येते याची मंडळाने तपासणी करून अहवाल जाहीर करावा.' या वाक्यात कोणावरही आरोप नाही, आणि तपासणी टाळायलाही जागा नाही.

चौथी पायरी: वाचणारा कोण?

वाचकाला आधीच काय वाटते हे माहीत नसेल तर मन वळवायचे तरी कसे? ऊस हे याचे चांगले उदाहरण. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात एवढा ऊस का, असा लेख पुण्यात टाळ्या मिळवतो. माढ्यातला शेतकरी मात्र पहिल्याच परिच्छेदात पान मिटतो, कारण उसाला निदान ठरलेला दर आहे, कांद्याला आणि टोमॅटोला तोही नाही, हे त्याने स्वतःच्या हिशेबाच्या वहीत पाहिलेले असते. त्याच्यासाठी लिहायचे तर ते मान्य करूनच सुरुवात करा. मग ठिबक, पाचट न जाळता आच्छादन म्हणून ठेवणे, विहिरीच्या पाण्याची खाली गेलेली पातळी आणि विजेचा खर्च यांबद्दल लिहा. पर्याय सांगायचा तर इथलाच सांगा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे. त्यांची शिफारस शेतकऱ्याला परकी वाटत नाही.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, कर्नाटकाला लागून असलेल्या अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात कन्नड, आणि शहरातल्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू-दखनी. पत्रक फक्त मराठीत काढले तर ज्यांच्या दाराशी धूर येतो त्यांच्यापर्यंतच ते पोहोचत नाही. पण मराठी मजकुराचा शब्दाला शब्द ठेवून अनुवादही करू नका. ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाला मागणीचे वाक्य आणि तीन आकडे द्या आणि मजकूर त्याच्या पद्धतीने नव्याने लिहायला सांगा. विडी वळणाऱ्या किंवा मागावर बसलेल्या माणसाचे हात मोकळे नसतात, कान असतात. त्याला एक मिनिटाच्या आतला ध्वनिसंदेश छापील पत्रकापेक्षा बरा.

इथल्या परंपरेचा आधार घ्यायचा तर तो कामाच्या बाजूने घ्या. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांकडून खोदवून घेतला, ही आठवण शहरात जिवंत आहे. जानेवारीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या काळात या तलावाबद्दल छापलेला मजकूर एरवीपेक्षा कितीतरी जास्त लोक वाचतात. 'श्रद्धा असूनही घाण करता' असे टोचण्यापेक्षा 'तलाव खोदणे हीच इथली पूजा होती, तेव्हा गाळाचे काम यात्रेआधी सुरू करा' असे म्हटलेले लोकांच्या पचनी पडते.

पाचवी पायरी: मजकूर

लांबी आधी ठरवा. वाचकांच्या पत्राला १५० ते २०० शब्द, निवेदनाला एक पान, लेखाला ६०० ते ८००, व्हॉट्सॲप संदेशाला ८०. जास्त लिहिलेत तर संपादक कापतो, आणि बऱ्याचदा शेवट कापतो. तुमची मागणी शेवटीच असते.

तीच काल्पनिक शाळा घेऊन आधीचा मजकूर पाहा:

'आमच्या परिसरात राजरोसपणे कचरा जाळला जात असून त्यामुळे भीषण प्रदूषण होऊन चिमुकल्यांचे आरोग्य धोक्यात आले आहे. प्रशासन झोपले आहे काय? संबंधितांवर कठोर कारवाई व्हावी.'

आणि आता सुधारलेला:

'शाळेमागच्या मोकळ्या जागेत ३ ते ९ फेब्रुवारी या सात दिवसांत पाच वेळा कचरा जाळला गेला. वेळ सकाळी सहा ते साडेसात, आणि शाळेची पहिली घंटा सातला होते. पाचही वेळा आदल्या दिवशी घंटागाडी आलेली नव्हती. विभागीय अधिकाऱ्यांनी या गल्लीतली गाडीची फेरी रोज दुपारी बारापूर्वी करावी आणि तिचे वेळापत्रक २० फेब्रुवारीपर्यंत शाळेच्या फाटकावर लावावे. नोंदी आणि फोटो सोबत जोडले आहेत.'

दुसऱ्या मजकुरात 'भीषण' नाही आणि 'चिमुकले' नाहीत. तरी साडेसातपर्यंतचा धूर आणि सातची घंटा या दोन गोष्टी शेजारी आल्या की वाचणाऱ्या आईच्या डोळ्यांसमोर सगळे उभे राहते. विशेषणाने जो राग दाखवायचा, तो नेमक्या वेळेने दाखवा. पहिला खर्डा झाला की 'भीषण, भयावह, विनाशकारी, ज्वलंत, राजरोस' हे शब्द शोधून खोडा आणि प्रत्येकाच्या जागी तारीख, वेळ किंवा माप बसते का ते पाहा. बसत नसेल तर ते वाक्यच काढा. 'प्रशासन झोपले आहे काय' असे प्रश्नही नकोत. ज्याच्याकडून काम हवे त्याला जाहीर अपमान करून बोलावले, तर तो काम करण्याआधी स्वतःचा बचाव लिहितो.

दुसऱ्यांनी घडवलेले शब्दही जपून वापरा. नान्नजच्या माळाला महसुली कागदांत 'पडीक' म्हणतात, आणि आपणही सहज तसेच लिहितो. पडीक म्हटले की त्यावर काहीतरी 'केले पाहिजे' असे आपोआप ठरते: झाडे लावा, प्लॉट पाडा, प्रकल्प आणा. तिथे मुळात आहे तो गवताळ माळ, एक पूर्ण अधिवास. माळढोक आणि धाविक हे पक्षी, लांडगा, काळवीट यांना मोकळे गवतच लागते. तिथे दाट झाडे लावली तर माळढोकाची जागाच जाते. १९७९ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य आधी ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते, पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मूळ क्षेत्रात गावे, शेते आणि रस्तेही होते, त्यामुळे लोकांची अडचण खरी होती, हेही त्याच लेखात लिहा. विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा तुम्हीच आधी मांडलात तर तो तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. माळाला 'माळ' किंवा 'गवताळ प्रदेश' म्हणा. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमावर टीका करायची असेल तर 'झाडांना विरोध नाही' एवढ्यावर थांबू नका, झाडे कुठे लावावीत तेही सांगा: रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात, ओढ्याकाठी.

खर्डा एकदा मोठ्याने वाचा. दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या आणि एकच विचारा: 'कोणी काय करायचे आहे?' त्याला एका वाक्यात सांगता आले नाही तर पहिल्या पायरीवर परत जा.

सहावी पायरी: पोहोच आणि पाठपुरावा

निवेदन नेहमीच्या नमुन्यात लिहा: प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, सोबतची यादी, सही, तारीख. विषयाच्या ओळीतच ठिकाण आणि मागणी यावी. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेले निवेदन दिल्याचे पुढे सिद्ध करता येत नाही. 'आपले सरकार' संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक जपून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे जाताना आधीच्या अर्जाची पोहोच सोबत न्या.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर वेळ फार कमी मिळतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि पर्यावरण आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो मराठी सारांश पहिल्या आठवड्यातच मिळवा. भाषण करण्यापेक्षा लेखी हरकत महत्त्वाची: अहवालाचे पान क्रमांक, तिथले वाक्य, आणि त्याविरुद्ध तुमची नोंद. सभेत बोललात तर आपले म्हणणे इतिवृत्तात आले का ते तिथेच विचारा. झाडतोडीच्या नोटिशीतही हरकतीची मुदत मोजक्याच दिवसांची असते, ती नोटिशीवरच लिहिलेली असते. प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाकडे न्यायचे झाले तर वादाचे कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत धरली जाते. वहीतल्या तारखा आणि आवक शिक्के तेव्हा उपयोगी पडतात.

पत्र छापून आले की कात्रण त्याच निवेदनाच्या फायलीत लावा आणि पंधरा दिवसांनी त्याच जागेवर, त्याच वेळी जाऊन त्याच कोनातून फोटो काढा. काही बदलले नसेल तर दुसरे पत्र पहिल्यापेक्षा लहान लिहा: पहिल्याची तारीख, आवक क्रमांक, आजची स्थिती, तीच मागणी आणि नवी तारीख. काम झाले असेल तर त्याच वृत्तपत्राला दोन ओळी पाठवा, कोणत्या कार्यालयाने किती दिवसांत काय केले ते लिहून. गल्लीत गाडी येऊ लागल्यावरही वही आणखी महिनाभर चालू ठेवा, कारण फेरी पुन्हा चुकायला लागते ती बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.